फोटोतली स्कूटर दुसऱ्याची, चलन आईच्या नावावर. साताऱ्यात वकील न लावता कोर्टात कसं लढायचं?

करंजेकर_११ :
एमएच ११ पासिंगची स्कूटर आईच्या नावावर आहे. विनाहेल्मेटचं ई-चलन आलं. चलनावरच्या फोटोत गाडी निळी दिसते. आमची लाल आहे आणि आरसीवरही लालच लिहिलंय. ॲपवर तक्रार टाकली, ती कारण न देता नामंजूर झाली. आधी लोकअदालतीचा मेसेज आला, मागोमाग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं समन्स. तारीख तीन आठवड्यांनी आहे. भरून मोकळे व्हा असं सगळे म्हणतात. पण जी गाडी आपली नाही तिचा गुन्हा आईने कबूल का करायचा? आईऐवजी मी उभा राहिलो तर चालेल का? कागद कोणते न्यायचे? हरलो तर किती भुर्दंड बसेल?

सदरबझार_बोर्ड :
आधी लोकअदालत आणि समन्स यांची गल्लत करू नका. लोकअदालत तडजोडीसाठी असते, तिथे "गाडी माझी नाही" याचा पुरावा तपासला जात नाही. तिथे पैसे भरले की विषय संपला, त्या निवाड्यावर अपीलही नाही. तुम्हाला लढायचंय, तर तिकडे भरू नका. समन्स मात्र चुकवायचं नाही. आई गैरहजर राहिली तर वॉरंट निघू शकतं, आणि मग एवढ्याशा चलनापायी भलताच व्याप वाढतो. तब्येतीमुळे येणं जमणार नसेल तर तारखेपूर्वीच कारण आणि कागद जोडून हजेरीमाफीचा अर्ज द्या.

आता भुर्दंड. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ड मध्ये विनाहेल्मेटला १००० रुपये दंड आणि लायसन्सला तीन महिने अपात्रता आहे. चलनावर छापलेली रक्कम तडजोडीची, म्हणजे कोर्टात न लढता भरून मिटवण्याची असते. कोर्टात दोष सिद्ध झाला तर तीच लागेल असं धरून चालू नका. हा धोका आईला आधी नीट सांगा. मात्र तुमचा मुद्दा फोटोतच दिसतोय, त्यामुळे बाजू भक्कम आहे.

समन्सवरचा केस नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून पुढची तारीख तपासत राहा. तारखेला सकाळी कोर्टरूमबाहेर बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी लागतो, त्यात आईचा अनुक्रम पाहून ठेवा आणि पुकारा ऐकू येईल एवढ्या अंतरावरच थांबा. चहाला गेलात आणि पुकारा झाला तर गैरहजेरी पडते.

न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का? उत्तर एवढंच द्यायचं: "नाही, फोटोतली गाडी माझी नाही." इथेच बहुतेकांचं चुकतं. चलनाच्या केसेस रांगेने चाललेल्या असतात, पुढचे चार जण कबूल म्हणून पैसे भरतात आणि पाचवाही घाईत कबूल म्हणून जातो. एकदा कबुली नोंदली गेली की अपिलात "मी दोषी नाही" असं म्हणता येत नाही, शिक्षा कायद्याला धरून आहे की नाही आणि किती आहे एवढंच पाहिलं जातं. सहीसाठी पुढे आलेला प्रत्येक कागद वाचूनच सही करा.

जिव्हाळा_वाडेफाटा :
फोटो मोबाइलवर मोठा करून नंबर एकेक अक्षर करत वाचा. ३ आणि ८, १ आणि ७, शून्य आणि डी, ८ आणि बी यांची अदलाबदल सर्रास होते. प्लेटवर चिखल असेल, किंवा ४१४१ चं "दादा" नि २१४ चं "राम" केलेली फॅन्सी प्लेट असेल, तर आणखीच.

नंबर एखाद्या अक्षराने वेगळा निघाला तर ती वाचनातली चूक आहे, तेवढं कोर्टात दाखवलं की पुरे. पण नंबर तंतोतंत तुमचाच निघाला तर तुमच्या नंबरची दुसरी गाडी रस्त्यावर फिरतेय. मग फक्त चलनापुरतं पाहून भागणार नाही, उद्या तिने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील. आजच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, सही, तारीख घ्या. ती पोच कोर्टातही उपयोगी पडते.

फोटोची प्रिंट रंगीतच काढा! झेरॉक्सच्या दुकानात सवयीने काळी-पांढरी काढून देतात, त्यात लाल आणि निळी दोन्ही सारखीच काळपट दिसतात आणि तुमचा मुद्दाच पुसला जातो. ए-४ कागदावर एकच फोटो, तीन प्रती: एक कोर्टाला, एक सरकारी वकिलांना, एक आपल्याकडे.

करंजेकर_११ :
प्लेट मोठी करून पाहिली. शेवटून दुसरा आकडा ३ आहे, आमचा ८. स्वतःच्या स्कूटरचे फोटोही जोडू का?

सदरबझार_बोर्ड :
जोडा, पण भिस्त त्यांवर ठेवू नका. मोबाइलमधला फोटो इलेक्ट्रॉनिक पुरावा ठरतो आणि त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. हाच नियम समोरच्यांच्या फोटोलाही लागू आहे, त्यामुळे ते प्रमाणपत्र जोडलंय का हे जरूर पाहा. तुमचा खरा आधार मूळ आरसी. त्यावर रंग, मॉडेल, चेसिस नंबर सगळं आहे. स्कूटर कोर्टाच्या आवारात उभी ठेवा म्हणजे वेळ आली तर दाखवता येईल.

पहिल्याच तारखेला मराठीत एक पानाचं लेखी म्हणणं द्या. वर "मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, सातारा यांचे कोर्टात", खाली केस नंबर, मग चार-पाच वाक्यं: चलन क्रमांक व तारीख, फोटोतल्या प्लेटवरचा आकडा, आरसीवरचा आकडा, दोन्ही रंग, आणि निर्दोष सोडण्याची विनंती. पोलीस त्रास देतात, रस्ते खराब आहेत, असलं काही त्यात नको. चलनाची तारीख आणि कोर्टात केस दाखल झाल्याची तारीखही ताडून पाहा. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला मुदत सहा महिन्यांची आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, तरी मुदत उलटली असेल तर मुद्दा लेखी मांडाच.

साक्षीला चलन करणारे पोलीस अंमलदार आले तर उलटतपासात छोटे प्रश्न विचारा. नंबर तुम्ही टाइप केला की कॅमेऱ्याने वाचला? फोटोतल्या गाडीचा रंग कोणता? प्लेटवर शेवटून दुसरा आकडा काय दिसतो? उत्तर मिळालं की थांबा. "मग चलन का केलंत?" हा प्रश्न विचारू नका, त्याने साक्षीदाराला खुलासा करायची आयती संधी मिळते.

माहुली_संगम :
मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. मुलगा आईच्या वतीने आपोआप बोलू शकत नाही. वकील नसलेल्या माणसाला उभं राहायचं तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३२ खाली कोर्टाची परवानगी लागते. अर्ज करा, देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात. उत्तरं आईंनाच द्यावी लागतील, म्हणून घरी दोनदा बोलून घ्या.

आणि त्यांना ते जड जात असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात समन्सची प्रत आणि आधार घेऊन जा, किंवा १५१०० ला फोन करा. तीन आठवडे हातात आहेत तोवर हे करा. आदल्या दिवशी गेलात तर वकिलांना कागद वाचायलाही वेळ उरणार नाही.

करंजेकर_११ :
आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मीच बोलेन. रंगीत प्रिंट आज काढतो, म्हणणं लिहून झालं की इथे टाकतो, तपासून द्या.

सदरबझार_बोर्ड :
टाका. फक्त नाव, गाडी नंबर आणि केस नंबर झाकून टाका.