सिकोया नॅशनल पार्क : आजी आणि लहान मुलीसह कोणती फेरी करावी?

निशिगंध :
नमस्कार. जूनच्या अखेरीस आम्ही कॅलिफोर्नियातील सिकोया नॅशनल पार्कला एका दिवसासाठी जाणार आहोत. सोबत चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई असतील. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही, म्हणून व्हीलचेअर नेणार आहोत. जनरल शर्मन हा प्रसिद्ध महाकाय सिकोया वृक्ष पाहायचा आहेच, परंतु त्या प्रचंड झाडांच्या सान्निध्यात सगळ्यांना मिळून निवांत चालता येईल अशी एखादी वाट तेथे आहे का?

वाटसरू :
बिग ट्रीज ट्रेल ही वाट तुम्हाला अगदी योग्य ठरेल. जायंट फॉरेस्ट या सिकोयांच्या रानातील संग्रहालयाजवळच्या राउंड मेडो या ओलसर कुरणाला ती वळसा घालते. संग्रहालयापासून जाऊन-येऊन अंतर सुमारे २ किलोमीटर भरते. वाट जवळजवळ सपाट आणि पक्की असून दलदलीच्या जागी फळ्या टाकलेल्या आहेत, त्यामुळे व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही नेता येतात. अपंगत्वाचा परवाना असलेल्या गाड्यांसाठी वाटेच्या तोंडाशीच थोडी जागा राखलेली असते.

मला ही वाट आवडते ती मात्र वेगळ्या कारणासाठी. दाट रानात सिकोयाच्या बुंध्याशी उभे राहिले की शेंडा दिसतच नाही. येथे कुरणाच्या पलीकडचे झाड मुळापासून माथ्यापर्यंत एका नजरेत मावते आणि त्याची उंची खऱ्या अर्थाने कळते. कुरणाच्या मधोमध मात्र ही झाडे वाढत नाहीत, कारण तेथील माती सतत पाण्याने भरलेली असते आणि मुळांना हवा मिळत नाही. काठावर ओलावाही भरपूर आणि हवाही पुरेशी, म्हणून ती कडेने उभी आहेत. वाटेवरचे माहितीफलक आगीविषयीही सांगतात : साल काही ठिकाणी ६० सेंटीमीटरपर्यंत जाड असल्यामुळे मोठे झाड बहुतेक आगींतून तगते, आणि वर्षानुवर्षे मिटून राहिलेले शंकू (बी धरून ठेवणारी खवलेदार बोंडे) आगीच्या उष्णतेने वाळून उघडतात व बी खाली पडते. मुलीला असा एखादा शंकू अवश्य दाखवा. एवढ्या मोठ्या झाडाचा शंकू कोंबडीच्या अंड्याएवढाच असतो. तो उचलून घरी आणण्यास मात्र मनाई आहे.

देवदार :
वाटसरू यांच्याशी मी सहमत आहे, तरी ज्यांना थोडे अधिक चालता येते त्यांनी क्रेसेंट मेडो हे दुसरे कुरण सोडू नये, असे मला वाटते. तेथून पुढे लॉग मेडोच्या काठी थार्प्स लॉग आहे. आडव्या पडलेल्या, आतून पोकळ झालेल्या सिकोयाच्या खोडातच हेल थार्प या पशुपालकाने आपले घर थाटले होते. व्हीलचेअरचा विचार करता तुमच्यासाठी मात्र राउंड मेडोच बरे.

शर्मन वृक्षाकडे जाताना एक काळजी घ्या. मुख्य पार्किंगपासून खाली उतरणाऱ्या वाटेवर पायऱ्या आहेत, आणि सुमारे २,१०० मीटर उंचीवर परतीचा चढ चांगलाच दमवतो. जनरल्स हायवेलगत परवानाधारकांसाठी वेगळे पार्किंग असून तेथून जवळची, सोपी वाट आहे. सासूबाईंना तिकडूनच न्या.

निशिगंध :
दोघांचेही मनापासून आभार. राउंड मेडो नक्की केले. या कुरणांत अस्वले येतात असे ऐकले आहे. लहान मुलीला घेऊन जाणे सुरक्षित आहे ना?

वाटसरू :
होय, कोवळे गवत खायला काळी अस्वले कुरणात उतरतात. लांबूनच पाहावे, जवळ जाऊ नये, आणि मुलीला हाताशी धरून ठेवावे. खाण्याचे पदार्थ आणि वासाची प्रसाधने गाडीत ठेवू नका. पार्किंगमधील लोखंडी पेट्या त्यासाठीच आहेत. मुलीला गवतात उतरू देऊ नका, तसेच वाट सोडून बुंध्यांभोवती फिरू नका. सिकोयाची मुळे खोल जात नाहीत, उथळच राहून दूरवर पसरतात, आणि माती दाबली गेली की त्यांना इजा होते. याच कारणासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस जायंट फॉरेस्टमधील शेकडो इमारती पाडून टाकण्यात आल्या. जूनच्या अखेरीस डासही असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या आणि पार्किंग भरण्यापूर्वी सकाळी लवकर पोहोचा.