जुन्या नॅस्कार शर्यतींत जिंकलं कोण, हे कळायला इतका वेळ का लागायचा?

चौथा_गिअर

मी नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यती, बघायला लागलो ते अलीकडेच. मे २०२४ मध्ये कॅन्ससला काइल लार्सनने ख्रिस ब्युशरला ०.००१ सेकंदाने हरवलं, तेव्हापासून व्यसनच लागलं म्हणा. मग उत्साहाच्या भरात जुने निकाल चाळायला बसलो आणि चक्रावलो. १९५९ ची पहिली डेटोना ५०० (डेटोनाची ५०० मैलांची शर्यत), तिचा विजेता तीन दिवसांनी ठरला. १९६३ ला जॅक्सनव्हिलला वेंडेल स्कॉट हा काळा ड्रायव्हर दोन फेऱ्यांनी पुढे होता, तरी चषक नेला बक बेकरने!

दोन गाड्या नाकाला नाक लावून आल्या तर गोंधळ समजू शकतो. पण अख्ख्या दोन फेऱ्या? मैदानावर कुणालाच दिसलं नाही? आणि हे सगळं चोरट्या दारूच्या धंद्यातून आलं म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

उजवी_लेन

दारूवाल्यांचा खेळ होता हो. ज्याची ओळख त्याचा विजय. फार खोलात जाऊ नका.

---

जमाखर्च

खोलात जायलाच पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनात राहते, नोकरी आयुष्यभर हिशेबतपासणीची केली, त्यामुळे या खेळात इंजिनापेक्षा मला त्या फेऱ्यांच्या कागदांचंच आकर्षण जास्त. नवऱ्याला कार्ब्युरेटर कळतो, मला खाडाखोड कळते.

आधी दारूचं. एकदम खोटं नाही आणि सगळंच खरंही नाही. ज्युनिअर जॉन्सन हा ड्रायव्हर इथल्याच विल्क्स काउंटीतला. १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, ओहायोच्या तुरुंगात अकरा महिने काढले, बाहेर येऊन पुन्हा शर्यतीत उतरला, कारकिर्दीत एकूण ५० शर्यती जिंकला आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली. पण डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्सने ज्या बैठकीतून नॅस्कार उभी केली, तिचा हेतूच मुळी या गावगुंड कारभाराला नियम लावणं हा होता. तोवर बक्षिसाचे पैसे घेऊन आयोजकच पसार व्हायचे.

नियम आणि दारू यांची पहिली टक्कर पहिल्याच शर्यतीत झाली. १९ जून १९४९, शार्लट, पाऊण मैलाचा मातीचा ट्रॅक. गाडी अगदी शोरूममधून निघाल्यासारखी हवी, ही अट. ग्लेन डनवे दुसऱ्याच्या मालकीची फोर्ड घेऊन सगळ्यांच्या पुढे आला. तपासणीत मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. दारू भरलेली गाडी मागून बसू नये, वळणावर हलू नये, म्हणून धंद्यातले लोक स्प्रिंगा ताठ करून घेत, ती युक्ती. डनवे बाद. विजेता ठरला जिम रोपर, लिंकन चालवणारा. हा गडी थेट कॅन्ससहून आला होता, वर्तमानपत्रातल्या एका चित्रमालिकेत या शर्यतीचा उल्लेख वाचून! डनवेच्या फोर्डचा मालक कोर्टात गेला, पण न्यायाधीशांनी दावा फेटाळला. माझ्या मते नॅस्कारचा खरा जन्म त्या निकालात आहे, कारण कोण बाद आणि कोण विजयी हे ठरवण्याचा हक्क नॅस्कारकडेच राहिला.

आता फेऱ्यांचं. आजच्या गाडीत ट्रान्सपाँडर असतो, ट्रॅकखालच्या तारेवरून गेली की वेळ आपोआप नोंदली जाते. १९९० च्या दशकाआधी हे काम माणसं करत. प्रत्येक गाडीमागे नोंद करणारा एक माणूस, हातात कार्ड, समोर घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की वेळ लिहायची. बऱ्याचदा हे काम ड्रायव्हरच्या बायकोकडे किंवा घरातल्याच कुणाकडे असे. तुम्ही विचाराल, मग बायको एखादी फेरी जास्त लिहिणार नाही का? लिहील की. पण खोटी फेरी घड्याळात मावत नाही. दोन नोंदींमध्ये गाडीला जेवढा वेळ लागतोच, तेवढा दाखवावा लागतो. माझ्या धंद्यात आम्ही खोटं बिल असंच पकडायचो.

घोळ होई तो बहुतेकदा सुटलेल्या नोंदीचा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, धुळीत नंबर दिसत नाही, त्यात गाडी पिटमध्ये (टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागेत) शिरते, पेन पडतं. एक नोंद सुटली की गाडी कागदावर एक फेरी मागे. आणि चेकर्ड झेंडा (शर्यत संपल्याची खूण, पहिला विजेत्याला) दाखवायचा तर कागद जुळण्याची वाट बघता येत नाही. म्हणून झेंडा आधी, हिशेब मागाहून.

१९५९ चं डेटोना याहून वेगळं. तिथे फेऱ्यांचा वादच नव्हता. ५९ गाड्या, ५०० मैल, एकही पिवळा झेंडा (धोक्यामुळे वेग कमी करायची खूण) नाही आणि शेवटी तीन गाड्या शेजारी-शेजारी: ली पेटीची ओल्ड्समोबाइल, जॉनी बोशाँची थंडरबर्ड आणि त्यांच्या बाहेर एक फेरी मागे असलेला जो वेदरली. बिल फ्रान्सने बोशाँला विजेता म्हटलं, सत्कारही झाला. पेटी ठाम होता की मीच. मग फ्रान्सने छायाचित्रं आणि वार्तापटाची फिल्म मागवली आणि बुधवारी पेटीला विजयी घोषित केलं. काही लोक म्हणतात की त्याने मुद्दाम वेळ काढला, कारण तीन दिवस देशभर नव्या ट्रॅकचंच नाव छापून येत होतं. मुद्दाम असो वा नसो, फायदा झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटाच्या लेकवूडला गंमत झाली. झेंडा मिळाला रिचर्ड पेटीला, कारकिर्दीतला पहिला विजय. आक्षेप कुणी घेतला? त्याच्या बापाने! ली म्हणाला, कार्डं तपासा. तपासली, बाप पुढे निघाला. पोराला पहिल्या विजयासाठी १९६० उजाडावं लागलं. घरी जाताना गाडीत काय बोलणं झालं असेल कोण जाणे.

---

उजवी_लेन

ताई, मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे जॅक्सनव्हिलला तेच झालं. नोंद सुटली, नंतर दुरुस्त केली. प्रत्येक गोष्टीत वर्णद्वेष शोधायची गरज आहे का?

---

जमाखर्च

शोधायची गरज नाही, समोर आहे.

तारीख बघा: १ डिसेंबर १९६३, जागा फ्लोरिडा. स्कॉट व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. युद्धात लष्करी गाड्यांचा मेकॅनिक, नंतर टॅक्सी चालवली, चोरटी दारूही वाहिली. सेकंडहँड गाड्या घेऊन, मुलांना पिटमध्ये उभं करून शर्यती करायचा. त्या दिवशी शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असताना रिचर्ड पेटीची गाडी कुरकुरायला लागली आणि स्कॉट पुढे गेला. शेवट झाला तरी झेंडा आला नाही, म्हणून तो पळवतच राहिला. झेंडा मिळाला बेकरला, जो त्याच्या दोन फेऱ्या मागे होता. चषक आणि फोटो सगळं बेकरचं.

आता हिशेब करा. लेकवूडला पण फेऱ्यांचाच वाद होता, पण तिथे दोघेही पेटी. इथे आघाडीवरच्या गाडीच्या नोंदी सुटतात, तीही कुणाची, तर मैदानातल्या एकुलत्या एका काळ्या ड्रायव्हरची. दुरुस्ती होते ती प्रेक्षक घरी गेल्यावर. विजेत्याचा चषक देताना एक गोरी तरुणी त्याच्या गालाची पापी घेई, हा तिथला रिवाज. फ्लोरिडात १९६३ साली भरल्या गर्दीसमोर ते कुणाला नको होतं, असं स्कॉटचं स्वतःचं मत होतं आणि मला ते पटतं. चूक प्रामाणिक असती तर पुढच्या शर्यतीत सगळ्यांसमोर चषक देऊन ती भरून काढता आली असती.

पैसे त्याला दिले. चषक बेकरकडेच राहिला. स्कॉट ४९५ शर्यती धावला, १९६६ मध्ये गुणतक्त्यात सहावा आला, पण विजय तेवढा एकच. १९९० मध्ये तो गेला. नॅस्कारने त्याच्या कुटुंबाला चषक दिला ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोनाला. पुढच्याच ऑक्टोबरात टॅलाडेगाला बबा वॉलेस जिंकला, सर्वोच्च मालिकेत जिंकलेला दुसरा काळा ड्रायव्हर.

---

चौथा_गिअर

ताई, दंडवत! एकच शंका राहिली. स्प्रिंगांमुळे डनवेला बाद केलं, तसं आजही करतात का? की आता ट्रान्सपाँडरने सांगितलं म्हणजे संपलं?

---

बंपर_टू_बंपर

याचं उत्तर मी देतो, जमाखर्च ताईंना जरा पाणी पिऊ द्या.

१९६० मध्ये विल्सन ट्रॅकवर इमॅन्युएल झर्व्हाकिसचा विजय काढून घेतला, पेट्रोलची टाकी मोठी होती म्हणून. त्यानंतर धोरण असं झालं की प्रेक्षक ज्याला विजेता बघून घरी गेले, तोच विजेता. दंड करा, गुण कापा, पण विजय त्याचाच. कळस झाला ऑक्टोबर १९८३ मध्ये शार्लटला. रिचर्ड पेटीच्या गाडीत ३५८ घन इंचांच्या मर्यादेऐवजी जवळपास ३८२ चं इंजिन निघालं, टायरही नियमबाह्य. ३५ हजार डॉलर दंड, १०४ गुण कापले आणि विजय तसाच, २०० पैकी १९८ वा! डनवे हे बघून काय म्हणाला असता!

२०१९ पासून नियम बदलला. २४ जुलै २०२२ ला पोकोनोला डेनी हॅम्लिन पहिला, काइल बुश दुसरा. तपासणीत दोघांच्याही गाडीच्या पुढच्या भागावर जास्तीची टेप सापडली. दोघेही बाद. तिसरा आलेला चेस इलियट विजेता, ज्याने त्या दिवशी एकाही फेरीत आघाडी घेतली नव्हती.

---

जमाखर्च

पाणी पिऊन झालं. 😄

बंपरभाऊंनी सर्वांत लांबलेला निकाल सोडला. ६ ऑगस्ट १९७१, बोमन ग्रे स्टेडियम. गाड्या कमी पडत होत्या म्हणून नॅस्कारने मोठ्या गाड्यांसोबत छोट्या वर्गातल्याही उतरवल्या. बॉबी अ‍ॅलिसन छोट्या वर्गातली मस्टँग घेऊन आला आणि सगळ्यांना मागे टाकून जिंकला. मग प्रश्न पडला की हा विजय मोजायचा कोणत्या मालिकेत? उत्तर कुणी दिलंच नाही. मुख्य मालिकेच्या नोंदीत ती शर्यत वर्षानुवर्षं विजेत्याविना पडून होती. अ‍ॅलिसनच्या नावावर ८४ विजय, डॅरेल वॉल्ट्रिपच्याही ८४.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅस्कारने तो विजय मान्य केला. अ‍ॅलिसन ८५ वर गेला, पेटी, पिअरसन आणि गॉर्डन यांच्यामागे एकटाच चौथा. पुढच्याच महिन्यात वारला, पण ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

आणि रिचर्ड पेटीच्या २०० विजयांना धक्का लागला नाही. त्या रात्री तो दुसरा आला होता आणि दुसऱ्या नंबरची नोंद कुणी बदलली नाही.