सिक्वेन्सिंग : क्रमनिर्धारण की आणखी काही?

टाकबोरू : रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय : संसर्गजन्य रोगांच्या निदानासाठी सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतल्या घटकांचा क्रम वाचून जंतू ओळखणं. रुळलेला 'जनुकीय क्रमनिर्धारण' घातला आणि आत्याला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हणजे माझा नंबर कधी लागणार ते ठरवणार?" तिचं चुकलं असं म्हणवत नाही. सुटसुटीत शब्द सुचवा, मजकूर उद्या द्यायचाय.

अनुस्वार : आत्यांना दाद! निर्धारण म्हणजे ठरवणं. करनिर्धारणात कर ठरवतात. इथे क्रम आधीच ठरलेला, यंत्र तो फक्त वाचतं. म्हणून 'क्रमवाचन'.

परीक्षानळी : प्रयोगशाळेत आम्ही 'सिक्वेन्सिंगला टाकलंय', 'रीड्स (वाचलेले तुकडे) किती आले' असंच बोलतो. मला खरी अडचण 'जनुकीय'ची वाटते. पीसीआर या तपासणीत कोणता जंतू शोधायचा ते आधी ठरवावं लागतं. न विचारलेल्याचं उत्तर ती देत नाही. सिक्वेन्सिंगच्या मेटाजिनोमिक पद्धतीत नमुन्यातलं सगळंच वाचतात, जनुकं असोत वा नसोत, आणि त्यात बहुतेक भरणा रुग्णाच्याच डीएनएचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या मुलाची केस घ्या. मेंदूला सूज, मेंदूचा तुकडा काढून तपासला तरी कारणाचा पत्ता नाही. मग पाठीतलं पाणी सिक्वेन्सिंगला टाकलं. वाचलेले तुकडे ३० लाखांवर, त्यात लेप्टोस्पायरा या जीवाणूचे ४७५. पेनिसिलिनवर पोरगा बरा झाला. शिवाय 'जनुकीय' म्हटलं की लोकांना आजार आनुवंशिकच वाटतो.

खडूफळा : आणि क्षयात? जंतू रिफाम्पिसिन या औषधाला दाद देईल का हे बघायला आरपीओबी हे जनुकच वाचतात ना? तिथे 'जनुकीय' चोख आहे. सरसकट काढू नका.

मधला बाक : मुळात मराठी शब्द हवाच कशाला? सिक्वेन्सिंग लिहा, खाली एका ओळीत समजावा.

अनुस्वार : मग 'निदान'ला डायग्नोसिस लिहा आणि रुग्णाला पेशंट. क्ष-किरण रुळलाच ना?

मधला बाक : छापण्यात रुळला. "क्ष-किरण काढून आलो" म्हणणारा माणूस मला एक दाखवा.

परीक्षानळी : जाता जाता 'संसर्गजन्य'ही तपासा. बहुतेकांना तो एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग वाटतो. धनुर्वात जंतूमुळेच होतो, पण शेजारी झोपल्याने लागत नाही.

काठावरचा : 'निदान' निघालंच आहे म्हणून. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं कारण. रोग जाणण्याच्या पाच साधनांत, म्हणजे निदानपंचकात, पहिलं तेच, मग पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती. तेव्हा थेट जंतूच हुडकणारी ही तपासणी म्हणजे मूळ अर्थाने निदान. नुसता ताप बघून 'व्हायरल आहे' म्हणणं हे निदान नव्हेच!

खडूफळा : ओढूनताणून. 'माधवनिदान' या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथाचं दुसरं नाव रोगविनिश्चय, म्हणजे रोग ओळखणं हाही अर्थ जुनाच. आणि 'निदान फोन तरी कर' मधलं निदान कुठून आलं, ते सांगा.

काठावरचा : निदान म्हणजे शेवट, असाही अर्थ आहे. जुन्या कवितेतलं 'निदानी' आठवा. शेवटी काहीच जमलं नाही तर एवढं तरी, अशा वाटेने आला असावा. माझा तर्क.

टाकबोरू : मंडळी, माझं पत्रक! 'नमुन्यातल्या जंतूंची जनुकीय लिपी वाचून' असं करून आत्याला पुन्हा दिलं. तिने विचारलं, "मोडी का?"

खडूफळा : 'निदानी' ही सप्तमी झाली. तिच्यावरून 'निदान' हे अव्यय कसं होईल? प्रत्यय गळाला कुठे?