जुन्या व्हिडिओ गेमच्या रिमोटची बटणं लागत नाहीत, पॉलिश पेपर मारू का?

विश्रामबाग_आठबिट

नमस्कार मंडळी. दोन रिमोट आहेत, दोन्ही नव्वदच्या दशकातले.

पहिला टीव्हीला जोडायच्या आठ-बिट गेमचा, म्हणजे निन्टेंडोची नक्कल, ९ पिनचा प्लग. त्याचं 'ए' बटण अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरच लागतं, तेही कधी कधी. टर्बो 'ए' (धरून ठेवलं की आपोआप पटापट दाबलं जाणारं वेगळं बटण) मात्र झकास चालतं. बाकी सगळं ठीक.

दुसरा सेगा मेगा ड्राइव्हचा, तीन बटणांचा, ओरिजिनल. 'ए' आणि 'बी' दोन्ही मेलेली. 'सी', स्टार्ट आणि चारही दिशा व्यवस्थित. हा २०१९ च्या पुरात भिजला होता. तेव्हा वरून पुसून ठेवला, उघडला नाही.

मल्टिमीटर आहे, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आहे. गावातला एक दुरुस्तीवाला म्हणतो, दोन्हीच्या आतल्या पट्टीवर (सर्किट बोर्डवर) पॉलिश पेपर मारून देतो. द्यावा का? आणि सामान सांगलीत मिळेल की पुण्याला जावं लागेल?

कथील_आणि_रोझिन

पॉलिश पेपर अजिबात नको. पहिल्या रिमोटची तर वाटच लागेल. नकली रिमोटच्या पट्टीवर बटणाखाली जो काळा भाग दिसतो तो मळ नाही, छापलेला कार्बन आहे. दोन कंगवे एकमेकांत घुसवावेत तशा त्या रेघा असतात. रबराच्या बटणाखालची काळी टिकली दोन्ही रेघांना एकदम टेकली की सर्किट पूर्ण होतं. कार्बन खरवडला गेला तर खाली तांबं असेलच असं नाही, आणि कार्बनवर सोल्डर धरत नाही.

आता तुमच्या लक्षणांकडे या, त्यातच निम्मं उत्तर आहे. आठ-बिट रिमोटमध्ये आठही बटणांची माहिती एकाच डेटा वायरीवरून एकामागोमाग जाते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. केबल तुटली तर सगळंच गोंधळतं, एकटं 'ए' मरत नाही. टर्बो चालतंय म्हणजे चिपही जिवंत. जोर दिल्यावर का होईना 'ए' लागतं, म्हणजे पट्टीवरची रेघही शाबूत. उरली रबराची टिकली.

खात्री करायची तर कव्हर उघडा, रबर बाजूला काढा, गेम चालू ठेवा आणि बारीक वायरीच्या तुकड्याने 'ए'च्या दोन्ही रेघा हलकेच जोडा. दुसरीकडे कुठे टेकवू नका. लगेच प्रतिसाद आला तर पट्टी निर्दोष.

मग मल्टिमीटर २०० किलोओहमवर लावा आणि टिकलीवर दोन्ही प्रोब २-३ मिलिमीटर अंतराने नुसते टेकवा, टोचू नका. चांगली टिकली हजार ओहमच्या आत दाखवते. 'बी'ची आधी मोजा, म्हणजे तुलनेला आकडा मिळेल.

जोर लावल्यावरच का लागतं याचं कारण: ओरिजिनल निन्टेंडोच्या रिमोटमध्ये ४०२१ चिपच्या प्रत्येक इनपुटला ३८ किलोओहमचा पुल-अप (इनपुट ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) असतो. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप दीड व्होल्टच्या खालीच 'बटण दाबलंय' असं खात्रीने धरते. हिशेब केला तर टिकली साधारण १६ किलोओहमपर्यंत चालते, त्यापुढे कधी लागेल कधी नाही. जोरात दाबलं की टिकली जास्त पसरते, रेझिस्टन्स उतरतो आणि बटण लागतं. नकली रिमोटमध्ये काळ्या थेंबाखाली दडलेली चिप असते, तिचा आकडा थोडा वेगळा असेल, पण तऱ्हा तीच.

मिरज_जंक्शन

वर सांगितलंय ते बरोबर. सफाईचं मी सांगतो, कारण बरेच जण टिकली खरंच झिजली नसताना ती बदलायला जातात.

सिलिकॉन रबरातून वर्षानुवर्षं तेल पाझरतं आणि टिकलीवर त्याचा पातळ थर बसतो. तो वीज जाऊ देत नाही. रबर काढून कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून बोटाने धुवा. मग टिकली साध्या कोऱ्या कागदावर चार-पाच वेळा हलकेच फिरवा, कागदावर फिकट काळी रेघ उमटली की थांबा. पूर्ण वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे रात्रभर पंख्याखाली ठेवलेलं बरं. बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होतं.

पट्टीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), कानकोरण्याच्या कापसाला लावून, एकदाच पुसायचं. कापसावर पहिल्यांदा मळ येतो. दुसऱ्या कापसावरही काळंच येत असेल तर तो कार्बन निघतोय, तिथेच थांबा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरिन असतं. गंज सोडवायचा स्प्रे नको, तेलकट थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच, कव्हरचं प्लॅस्टिक विरघळतं.

यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. फक्त नुसतं 'थिनर द्या' म्हणू नका, नाहीतर रंगाचा थिनर हातात पडेल. बाटलीवर आयपीए लिहिलेलं बघूनच घ्या.

कृष्णाकाठ

दुसऱ्या रिमोटबद्दल कोणीच बोललं नाही. तो पूर्ण वेगळा प्राणी आहे, त्याला रबराचा न्याय लावू नका.

मेगा ड्राइव्हच्या तीन बटणी रिमोटमध्ये ७४एचसी१५७ चिप असते. 'ए' आणि 'बी' दोन्ही पिन ६ वरून जातात, 'सी' आणि स्टार्ट दोन्ही पिन ९ वरून. पिन ७ वरून कन्सोल विचारतो की आत्ता जोडीतलं कोणतं बटण हवंय. पिन ५ वर ५ व्होल्ट, पिन ८ म्हणजे ग्राउंड. तुमची नेमकी 'ए'-'बी' ही जोडी मेली आहे. दोन टिकल्या एकदम खराब होण्यापेक्षा पिन ६ ची वायर तुटल्याची शक्यता कितीतरी जास्त. चिपचं तेवढंच आउटपुट गेलेलंही असू शकतं, पण आधी वायर बघा.

कन्सोलपासून प्लग काढून, भोकं स्वतःकडे आणि पाच भोकांची ओळ वर धरा. वर उजव्या टोकाला १, खाली उजव्या टोकाला ६. त्या भोकात पातळ वायर घालून पट्टीवरच्या सांध्यापर्यंत कंटिन्यूटी (वायर सलग असेल तर मीटर बीप देतो) बघा आणि बघताना केबल दोन्ही टोकांशी वाकवत राहा. बीप तुटक आली तर तुटलंय तिथेच. बहुतेक वेळा कव्हरमधून केबल बाहेर पडते तिथे.

आता पुराची गोष्ट. भिजलेल्या केबलमध्ये पाणी आवरणाच्या आतून चढतं आणि तांबं काळं पडतं. काळ्या तारेवर सोल्डरचा डाग धरत नाही, कितीही रोझिन (सोल्डर धरावं म्हणून लावायची राळ) लावा. त्यामुळे १-२ सेंटिमीटर करत कापत मागे जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. हातभर गेलं तरी काळंच असेल तर केबलचा नाद सोडा आणि ९ तारांची दुसरी केबल लावा. कापण्याआधी कोणता रंग कुठे जातो त्याचा फोटो काढा. नकली केबलमध्ये रंगांना काही अर्थ नसतो.

पट्टीवर गाळ असेल तर आधी साध्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, मग आयपीए. थेट आयपीए ओतलं तर माती नुसती इकडची तिकडे होते.

आणि एक इशारा. दोन्ही रिमोटचे प्लग ९ पिनचे असले तरी आतली जोडणी वेगळी आहे. एकाचा रिमोट दुसऱ्याला लावून बघू नका, चिप जायची.

विश्रामबाग_आठबिट

मंडळी, मोजलं. 'बी'ची टिकली ४०० ओहम. 'ए'ची धुण्याआधी ९० किलोओहम, धुऊन कागदावर फिरवल्यावर ३५. वायरीने जोडल्यावर 'ए' लगेच लागतं. मेगा ड्राइव्हची पिन ६ केबल वाकवली की बीप देते, सोडली की बंद. कव्हरपाशीच.

'ए'साठी आता चांदीचा कागद चिकटवू का?

कथील_आणि_रोझिन

३५ म्हणजे टिकली खरंच झिजली. चांदीचा कागद पाहुण्यांपुरता ठीक. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढतं आणि त्याची कड पट्टीचा कार्बन खाते. टिकलीवर ६बी पेन्सिल घासली तर तीही थोडे दिवसच टिकते.

टीव्हीच्या भंगार रिमोटमधलं रबर घ्या, आधी त्याची टिकली मोजा, हजार ओहमच्या आत असेल तरच ब्लेडने पातळ कापून काढा. जुनी टिकलीही तेवढीच तासा, नाहीतर जाडी वाढून बटण कायम दाबलेलं राहील. चिकटवायला फेव्हिक्विक नको, सिलिकॉनवर ते टिकत नाही. सिलिकॉन सीलंटचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना तांब्याला गंज आणतं, म्हणून रबर २४ तास बाहेर सुकवून मगच आत बसवा.

कव्हर लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात 'टक्' करून बसल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा आवळा. नवीन आटे पाडत बसलात तर ते जुनं प्लॅस्टिक तडकेल.

कृष्णाकाठ

केबल जोडून झाली की कव्हरच्या आतल्या खुंट्यांमधून पूर्वीसारखीच नागमोडी फिरवा. ओढ खुंट्यांवर पडली पाहिजे, डागावर नाही. आणि कव्हर बंद करण्याआधी नऊही पिन पुन्हा मोजा, विशेषतः ५ आणि ८ एकमेकांना टेकत नाहीत ना ते.