हेल्मेटवर कॅमेरा लावला की टेकडीचा उतार सपाट का दिसतो?

मुक्काम_कोथरूड
लोकहो, मित्राकडून जुना गोप्रो हीरो ७ ब्लॅक घेतलाय. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) हेल्मेटवर, अगदी टाळूवर, पट्ट्याने आवळून बांधतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूला उतरताना पोटात गोळा येतो आणि घरी व्हिडिओ लावला की बायको विचारते, "उतार कधी सुरू होणार?" शिवाय गिरिपुष्पाच्या फांद्या कॅमेऱ्यात अडकतात ते वेगळंच. हेल्मेट हाफ आहे, हनुवटीला कवच नाही. चेस्ट माउंट घेऊ, हेल्मेट बदलू की कॅमेराच बदलू? जाणकारांनी सांगावे.

मुरूम_मास्तर
कॅमेऱ्यावर एक पैसा घालू नका. हायपरस्मूद, म्हणजे गोप्रोचं हादरे पुसणारं स्टॅबिलायझेशन, २०१८ साली तुमच्याच मॉडेलपासून आलं, टेकडीला रग्गड झालं.

जागा बदला. टाळूवरच्या कॅमेऱ्याला ना हँडल दिसतं, ना हात, ना पुढचं चाक. नुसता मुरूम सरकताना दिसतो. त्यात रुंद लेन्स समोरचं सगळं लांब ढकलते आणि उरलेसुरले दचके स्टॅबिलायझेशन पुसून टाकतं. मग वहिनींना उतार दिसणार कुठून?

छातीवर लावा. कोपरं, गुडघे, हँडल फ्रेममध्ये येतात. दगडावरून उतरताना हात कसे झटके खातात ते दिसलं की बघणाराही आपोआप मागे सरकून बसतो.

चेस्ट माउंटची खोड एकच. आपण पुढे वाकलो की तो इमानेइतबारे टायरचं शूटिंग करतो. म्हणून कॅमेरा उलटा अडकवा, वर झुकवायला जास्त वाव मिळतो. रोटेशन ऑटोवर असेल तर चित्र सुलटंच येतं. मग कुणाला तरी सायकल धरायला सांगा, पेडलवर उभे राहा, कोपरं बाहेर, कंबर मागे, आणि मोबाईलवर प्रिव्ह्यू बघून कोन लावा. हँडल तळाच्या कडेला हवं. हॉलमध्ये ताठ उभं राहून लावलेला कोन टेकडीवर हमखास चुकतो.

लेन्स मात्र वाइडच ठेवा. कडेची झाडं सुसाट मागे जातात, वेग तिथेच कळतो.

चेन_सुटली
चेस्टला +१. पण हनुवटीला कवच असलेलं फुलफेस हेल्मेट घेणार असाल तर हनुवटीवरच लावा, त्याला तोड नाही. जिकडे मान तिकडे कॅमेरा, वळणावर हे फार छान दिसतं. छातीवरचा वळणाआधी समोरच्या झुडपाकडे बघत बसतो.

आणि हेल्मेटला भोक वगैरे पाडू नका. फॉर्म्युला वनवाल्या मायकल शूमाकरच्या २०१३ च्या स्कीइंग अपघातानंतर हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने इजा वाढली का, यावर बरीच चर्चा झाली होती. सिद्ध काही झालं नाही. पण फांदीत कॅमेरा अडकला तर कॅमेरा सुटावा, मान नव्हे, एवढं साधं गणित आहे. मी म्हणूनच टाळूवर काही लावत नाही.

मुक्काम_कोथरूड
फुलफेस एप्रिलच्या उन्हात चढावर? उकडून बटाटा होईल माझा. चेस्ट मागवतो. अजून दोन शंका. आवाजात नुसत्या धापा येतात आणि कार्ड भरभर संपतं.

मुरूम_मास्तर
धापा येणारच, चढताना शूटिंग करता कशाला? चढ कोणी बघत नाही, घरचेसुद्धा. फोरके ६० ला (फोरके व्हिडिओ, सेकंदाला ६० फ्रेम) सेकंदाला सुमारे ७८ मेगाबिट धरा, म्हणजे तासाला ३५ जीबीच्या आसपास. क्विककॅप्चर (बंद कॅमेरा शटर दाबताच चालू होऊन शूटिंग सुरू करतो ती सोय) चालू ठेवा, माथ्यावर पोचलात की शटर दाबा, खाली आलात की बंद. कार्ड, बॅटरी आणि एडिटिंगचा रविवार, तिन्ही वाचतील. वाऱ्याच्या फरफरीला माइकवर स्पंजचा तुकडा पुरतो.

सावलीतून उन्हात आलात की चित्र पांढरं फटक पडतं, तेवढं एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने (-०.५) खाली घ्या.

चेन_सुटली
एक राहिलं. पाषाणच्या अंगाला सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, तिथे वेग आणि कॅमेरा दोन्ही आवरा. काका लोक आधीच सायकलवाल्यांवर खार खाऊन असतात. आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला कधी गेलात तर कॅमेरा सरळ सॅकमध्ये. संरक्षण खात्याची हद्द आहे, तिथे "चेस्ट माउंट आहे हो" हे उत्तर चालत नाही.

मुक्काम_कोथरूड
समजलं. माउंट आलं की नवा व्हिडिओ इथेच टाकतो, बायकोच्या शेऱ्यासकट.