जुन्या जिप्सीच्या केबिनमध्ये धुराचा आणि पेट्रोलचा वास: बंदोबस्त कसा करावा?

मुलुंडकर_४बाय४

माझ्याकडे १९९३ सालची, कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी आणि कापडी हुडाची मारुती जिप्सी आहे. रोजच्या कामाला मी ती वापरत नाही. मात्र सुट्टीच्या दिवशी कर्जत किंवा माळशेजकडे जाताना घरची मंडळी सोबत असतात, त्यामुळे हा प्रश्न आता पुढे ढकलता येत नाही. वास दोन प्रकारचे आहेत. टाकी काठोकाठ भरलेली असली की घाटाच्या चढावर मागच्या बाकाशी पेट्रोलचा वास येतो. महामार्गावर वेग धरल्यावर, विशेषतः मागची ताडपत्री गुंडाळून वर बांधलेली असताना, जळक्या धुराचा वास येतो आणि मागे बसलेल्यांचे डोके जड होते. मध्यंतरी एका गॅरेजमध्ये सायलेन्सर बदलून घेतला, तेव्हा त्यांनी मागचा पाइप बंपरच्या आतच संपवला. पीयूसी मात्र व्यवस्थित मिळते. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘जुनी गाडी म्हटली की वास यायचाच.’ फरशीवर फोम आणि जाड रबरी मॅट चिकटवून सगळ्या फटी बुजवाव्यात, असा माझा विचार आहे. हा उपाय पुरेसा ठरेल का?

गंजवैरी

मॅट आणि फोम सर्वांत शेवटी. मूळ तसेच ठेवून फरशी झाकली, तर धूर दुसरी वाट शोधेल आणि मॅटखाली कोंडलेल्या ओलीमुळे मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आणखी लवकर सडेल. शिवाय ज्या झिरपण्याचा वास आज येतो आहे, ते उद्या वासाविना चालू राहील, आणि ते अधिक वाईट.

धुराबद्दल आधी लिहितो, कारण अर्धे उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. सपाट पाठीची गाडी वेगात जाते तेव्हा तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि बंपरच्या आत संपलेल्या पाइपचा धूर त्या पट्ट्यातच घोटाळत राहतो; ताडपत्री वर बांधली की त्याला बाकापर्यंत मोकळा रस्ता मिळतो. म्हणून पाइप मागच्या चाकापलीकडे, गाडीच्या कडेच्या बाहेर निघेल इतका वाढवून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे वेल्डिंगचे काम कोणीही करून देईल. पाइपचे तोंड पत्र्याच्या आत राहणार नाही, एवढे उभे राहून पाहा. धावत्या गाडीत मागची बाजू पूर्ण बंद ठेवावी. मागच्या फाळक्याचे (दाराचे) रबर कडक झाले असेल तर तेही बदला. फाळका बंद करताना फटीत कागदाची पट्टी धरा. ती सहज ओढली गेली तर तिथे रबर टेकत नाही, असे समजा.

पुढच्या बाजूची गळती वेगळी ओळखावी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून बॉनेट उघडा. मॅनिफोल्डजवळ (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाजवळ) टिक-टिक असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो मंदावत असेल, तर गॅस्केट (जोडातली चकती) गेलेले आहे किंवा मॅनिफोल्डला तडा आहे. जोडांवर काजळीची काळी रेघ दिसली तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. खालच्या जोडांसाठी साबणाचे पाणी वापरा: जाड हातमोजा घालून पाइपचे तोंड फडक्याने क्षणभर अर्धवट दाबले, तर गळक्या जोडावर बुडबुडे येतात.

यानंतर आत येण्याच्या वाटा. जिप्सीत गियर आणि फोर-बाय-फोरचा असे दोन लिव्हर आहेत. दोन्हींचे रबरी बूट तडकलेले असतात आणि सीटकव्हरच्या नादात कोणी तिकडे पाहत नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) वायरी आणि केबल जातात तिथली ग्रोमेट म्हणजे रबरी कडी, फरशीतले पाणी काढण्याचे रबरी बूच, हेही तपासा. रात्री एकाने गाडीखाली बॅटरी फिरवावी आणि दुसऱ्याने अंधारात आत बसून कुठून उजेड येतो ते पाहावे. जुलैत तुमचे पाय जिथे ओले होतात, ती जागा तर तुम्हाला पाठच असेल. धूरही तिथूनच येतो.

आता पेट्रोल. भरलेली टाकी आणि चढ एकत्र आले की संशय टाकीच्या तोंडाकडून खाली येणाऱ्या जाड रबरी पाइपवर, त्याच्या शेजारच्या बारीक हवेच्या नळीवर आणि टाकीवर बसवलेल्या फ्युएल गेजच्या युनिटच्या गॅस्केटवर जातो. हे पाइप बाहेरून धड दिसतात. क्लॅम्प सैल करून वाकवले की आतल्या बाजूच्या भेगा उघड्या पडतात. सध्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्या काळातले रबर इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नसते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉलला टिकणारी घ्यावी. इंजिनाच्या ऑइलच्या दांडीलाही पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडीच्या इंधन पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला आहे का ते लगेच पाहा.

डिझेलवाला_ठाणे

माझ्या एमएम-५४० या महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये गळती सायलेन्सरची नव्हतीच. क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर नेणारी) नळी निसटून सगळी वाफ फायरवॉलवर येत होती. ती नळीही पाहून घ्या. फटी शोधायला मी अगरबत्ती फिरवली होती, धूर कुठे ओढला जातो ते छान कळते.

गंजवैरी

डिझेल जीपमध्ये ठीक आहे. जिथे पेट्रोलचा वास येतो, त्या गाडीजवळ अगरबत्ती, काडेपेटी किंवा बिडी यांपैकी काहीही नको.

भायखळा_रसायन

वरचे सल्ले योग्य आहेत; मात्र ‘डोके जड होते’ हे वाक्य सगळ्यांनी जरा घाईने ओलांडले आहे. वास येतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा. त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याचीच लक्षणे आहेत आणि घाटात ती ‘गाडी लागली’ म्हणून सहज खपून जातात. मुंबईत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) सक्ती एप्रिल १९९५ पासून झाली. १९९३ च्या गाडीत तो नसणार. पीयूसीवर विसंबू नका. इतक्या जुन्या चारचाकीला पाइपच्या तोंडाशी ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, म्हणजे ३०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ३०,००० भाग). त्यातले केबिनमध्ये किती शिरते, याच्याशी त्या चाचणीचा संबंध नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारा लहान मीटर घ्या. घरात लावायचे साधे अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतील अशा बेताने बनवलेले असतात. प्रवासात तेवढी उसंत नसते. पूर्व द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत बाहेरची हवाही शून्य दाखवणार नाही, म्हणून आधी मोकळ्या जागी इंजिन बंद ठेवून आकडा टिपावा आणि मग इंजिन चालू ठेवून मागच्या बाकावर, मुलाच्या नाकाच्या उंचीवर मीटर धरावा. फरक दिसला की दुरुस्ती बाकी आहे, वास गेलेला असला तरीही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ही चाचणी करू नये.

मुलुंडकर_४बाय४

सर्वांचे आभार. पाइप कडेबाहेर काढून घेतला आणि टाकीच्या तोंडाचा रबरी पाइप बदलला. तो आतून खरोखरच भेगाळलेला होता. दोन्ही लिव्हरचे बूट नवे बसवले. चढावरचा पेट्रोलचा वास गेला. मागची बाजू बंद ठेवून धावत्या गाडीत मीटरचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच राहतो. सिग्नलला मागून वारा असला तर मात्र तो थोडा चढतो.

गंजवैरी

उभ्या गाडीत चढतो आणि धावताना उतरतो, तर आता मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि पुढचा जोड पाहा. तिथे काही न सापडल्यास कार्ब्युरेटरचे मिक्स्चर तपासून घ्या. ते गरजेपेक्षा जाड असेल, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त असेल, तर पाइपमधून निघणारा वायूच अधिक विषारी असतो. मॅट त्यानंतर घाला, आणि न चिकटवता घाला, म्हणजे पावसाळ्यात उचलून वाळवता येईल.