येळवशीचे फोटो चार वेळा का आले? (आणि अण्णांसाठी मेलचा कुठला प्रोग्रॅम?)

प्रेषक: कार्यवाह
प्रति: मंडळ यादी

मंडळी,
येळवशीचे (वेळा अमावस्येच्या शेतातल्या सणाचे) फोटो झकास आहेत. भज्जीचा (त्या दिवशीच्या मिश्र भाजीचा) फोटो तर जेवणाच्या सुट्टीत बघायला नको होता. पण तोच मेल कालपासून चौथ्यांदा आलाय, आणि दर वेळी 18 एमबी. दोघा सभासदांच्या पेट्या भरून गेल्यामुळे अंकाची मुद्रितं परत आली. लातूरकर ताई, तुमच्या बाजूला जरा बघता का?

——

प्रेषक: लातूरवाली (संक्रांतीपर्यंत मुक्काम औशाजवळ)
विषय: उत्तर: येळवशीचे फोटो चार वेळा

कार्यवाहसाहेब, माफी. माझ्या लेखी तो मेल एकदाही गेलेला नव्हता! सेंड दाबलं की पट्टी शेवटपर्यंत जायची, थांबायची, आणि दीड-दोन मिनिटांनी 'सर्व्हरकडून उत्तर आलं नाही' असा निरोप. मेल आउटबॉक्सातच. म्हणून पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

झालं असं की विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या मेल ॲपची मुदत 31 डिसेंबर 2024 ला संपली. तेव्हापासून माझे वडील, अण्णा, फोनवर डोळे बारीक करून मेल वाचतात. येळवस झाल्यावर म्हणाले, "आगं, मोठ्या पडद्यावर मेल येऊलालंच नाही की. बघ की जरा." बघायला बसले ती आज चौथा दिवस.

आधी थंडरबर्ड हा मेलचा फुकट प्रोग्रॅम टाकला. अण्णांचं जीमेल जोडताना एक खिडकी आली: प्रमाणपत्र ओळखीचं नाही, अपवाद म्हणून मान्य करायचं का? केलं मान्य. मेल आले. पाठवताना मात्र वर सांगितलं तसं. म्हटलं प्रोग्रॅमच गंडलाय. मग ईएम क्लायंट टाकलं, तर त्यातही मोठे फोटो अडकले. शिवाय ते फुकटात दोनच खाती घेतं, आणि मला अण्णांचं, माझं आणि मंडळाचं अशी तीन हवीत. आता तिसरा कुठला टाकू? कुणी वापरत असेल तर सांगा. पीसीवर विकतचा अँटिव्हायरस आहे, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तीन वर्षांचा घालून दिलाय. इंटरनेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर.

——

प्रेषक: डॅलसहून
विषय: उत्तर: येळवशीचे फोटो चार वेळा

कशाला हा घोळ? क्रोममध्ये जीमेल उघडून द्या. अण्णा खूश, आपणही खूश.

——

प्रेषक: लातूरवाली

दिलं होतं उघडून. एका टॅबमध्ये मेल, दुसऱ्यात पंचांग, तिसऱ्यात बाजारभाव. अण्णांनी तिन्ही बंद केले आणि म्हणाले मेल पुसले गेले. त्यांना दारावर पाटी असलेली वेगळी खोली लागते.

——

प्रेषक: नांदेडचे काका
विषय: उत्तर: प्रोग्रॅम बदलू नकोस, आधी अडत्या बघ

बाळ, तू चार दिवस बैल बदलत बसलीस आणि चाकात दगड तसाच.

तुझ्या मेलमधले शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे: 'विकतचा अँटिव्हायरस' आणि 'हॉटस्पॉट'. दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमांत एकच दुखणं असेल तर ते दोघांच्या मध्ये जो बसलाय त्याचं असतं. लातूरच्या अडतीवर गेली आहेस ना कधी अण्णांबरोबर? शेतकऱ्याचं पोतं थेट खरेदीदाराच्या ट्रकमध्ये जात नाही. अडतीवर उतरतं, पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढतात, मग तोंड पुन्हा शिवून पुढं. अँटिव्हायरसचं 'ईमेल स्कॅनिंग' हेच करतं. तुझा प्रोग्रॅम समजतो की मी जीमेलशी बोलतोय. प्रत्यक्षात तो तुझ्याच पीसीवर बसलेल्या अडत्याशी बोलतो, आणि अडत्या जीमेलशी.

आता मेलची वाट कुलूपबंद असते: येणाऱ्यासाठी पोर्ट 993, जाणाऱ्यासाठी 465 किंवा 587. कुलूप लावलेलं पोतं अडत्याला कसं उघडणार? म्हणून तो गूगलची मोहर (म्हणजे ते प्रमाणपत्र) काढतो आणि आपली स्वतःची मोहर मारून तुझ्या प्रोग्रॅमला देतो. विंडोजच्या वहीत त्यानं आपली मोहर बसवतानाच नोंदवलेली असते. थंडरबर्ड मात्र विश्वासू मोहरांची वेगळी वही बाळगतं, त्यात याचं नाव नाही. म्हणून ती खिडकी. तू न वाचता 'मान्य' केलंस त्याबद्दल आल्यावर कान पिळीन. आज घरचा अडत्या निघाला, उद्या एखाद्या हॉटेलच्या वायफायवर नेमकी तशीच खिडकी चोर दाखवेल.

आणि चार वेळा जाण्याचं गणित. मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांत बदलून जाते, त्यात ती एक तृतीयांशानं फुगते. तुझे 18 एमबी वाटेत 24-25 होतात, म्हणजे जीमेलच्या 25 च्या मर्यादेला टेकून. तुझा प्रोग्रॅम हे सगळं अडत्याच्या हवाली करतो काही सेकंदांत, कारण अडत्या त्याच पीसीवर आहे. मग अडत्या तपासतो आणि तुझ्या हॉटस्पॉटवरून हळूहळू वर चढवतो. चढवायचा वेग एक एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा हिस्सा) धरला तरी तीन मिनिटांच्या वर. थंडरबर्ड उत्तराची वाट मुळात 100 सेकंद बघतं आणि नाद सोडतं. अडत्या मात्र सोडत नाही, तो माल पोचवूनच थांबतो! तुला वाटलं गेला नाही, इकडं आम्हाला चार.

आधी खात्री कर. थंडरबर्ड पुन्हा टाक, ती खिडकी आली की 'मान्य' न करता प्रमाणपत्र उघडून बघ, कुणी दिलंय ते. गूगलचं नाव असेल तर मी चुकलो.

——

प्रेषक: लातूरवाली
विषय: उत्तर: उत्तर: आधी अडत्या बघ

काका, तुमच्या तोंडात साखर. प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी चक्क अँटिव्हायरसचं नाव! अण्णांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "म्हंजे आपली पत्रं ह्यो फोडूलालाय, आन वर्गणी आपल्याकडूनच?"

अँटिव्हायरसमधलं मेल तपासणीचं बटण बंद केलं. ते सापडायलाच वीस मिनिटं गेली, 'संरक्षण'च्या आत 'इंटरनेट'च्या आत कुठंतरी. पीसी पुन्हा सुरू केला. खिडकी आली नाही. फोटो लहान करून मलाच पाठवले, एकदाच गेले, एकदाच आले.

पण आता भीती वाटतेय. बंद करून बसले आणि एखादा घाणेरडा मेल आला तर? अण्णा समोर आलेलं सगळं उघडतात. 'तुमचं वीजबिल थकलंय' असं कुणी लिहिलं की आधी क्लिक, मग मला हाक.

——

प्रेषक: नांदेडचे काका

भीती रास्त, पण बंद झाली ती फक्त वाटेवरची तपासणी. घराच्या दारावरचा राखणदार जागाच आहे: फाइल डिस्कवर उतरली की किंवा उघडायला गेलं की अँटिव्हायरस तेव्हाही बघतोच. त्याला झोपवू नकोस. शिवाय जीमेल स्वतः जोडलेल्या फाइली तपासतं, एक्झी फाइल तर घेतच नाही. एकच धान्य तीनदा चाळायचं तर चाळणी फाटते.

विश्वास नसेल तर आयकार नावाची चाचणी आहे. 68 अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ, सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजायचं ठरवून बसलेत. त्यांच्या संकेतस्थळावरून ती ओळ नोटपॅडात चिकटव आणि सेव्ह कर.

वीजबिलाच्या मेलवर मात्र कुठलाच अँटिव्हायरस पुरा पडत नाही. त्यात व्हायरस नसतोच, नुसती लिंक असते. अण्णांना सांग, पैशाचं काही आलं की तुला फोन.

——

प्रेषक: लातूरवाली
विषय: आयकार पास, पण 2016 गायब!!

आयकार केलं. सेव्ह दाबायचा अवकाश, कोपऱ्यातून लाल पाटी आणि फाइल गडप. अण्णांनी तीनदा करायला लावलं, करमणूक म्हणून.

पण काका, दुसरंच संकट. मंडळाचं जुनं दप्तर मी पेनड्राइव्हवरून थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये आणलं होतं. त्यात 2016 चं फोल्डर, पाण्याच्या रेल्वेच्या वेळचं. त्या एप्रिलात मिरजेहून टँकरची गाडी लातूरला आली तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना लिहिलेले मेल, टाक्यांसाठी जमवलेल्या पैशांचा हिशोब, सगळं. आज सकाळी ते फोल्डर रिकामं. शून्य. माझ्या पोटात गोळा आलाय. पेनड्राइव्ह मी पुसून तुमच्या सुनेला पाककृती भरून दिला!

——

प्रेषक: खजिनदार

ताई, 2016 चा हिशोब माझ्याकडे कागदावर आहे. मेल नाहीत.

——

प्रेषक: नांदेडचे काका
विषय: उत्तर: 2016 गायब!! (घाबरू नको)

कशालाही हात लावू नकोस. आधी अँटिव्हायरस उघड, क्वारंटाईनच्या (पकडून बाजूला ठेवलेल्या फाइलींच्या) यादीत बघ. '2016' नावाची, पुढं काही टिंब-बिंब नसलेली फाइल दिसेल. तेच तुझं फोल्डर.

थंडरबर्ड मुळात एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक ठेवतं. त्या हजार मेलांत एक जुना झिप जोडलेला खोट्या बिलाचा मेल असणार. राखणदाराला मेल कळत नाही, फाइल कळते. त्याला एक आळी दिसली आणि त्यानं अख्खं पोतं उचलून कोठडीत टाकलं. जीमेलचे मेल सर्व्हरवर असतात, ते परत उतरतात. लोकल फोल्डरचं तसं नाही, म्हणून हे नीट कर.

आधी थंडरबर्ड बंद. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये प्रोफाइल फोल्डरचा (थंडरबर्ड मेल ठेवतं त्या जागेचा) पत्ता आहे, तो अँटिव्हायरसला 'इथं बघू नको' म्हणून सांग. मग फाइल मूळ जागी परत आण. थंडरबर्ड उघड, तो मेल शोध (क्वारंटाईनच्या तपशिलात झिपचं नाव असतं), न उघडता पूस, कचरापेटीतूनही पूस. आणि यानंतर फोल्डरवर उजवी क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' कर, हे विसरू नको. पुसलेला मेल नुसता खोडल्याची खूण होऊन फाइलीत तसाच पडून असतो, कॉम्पॅक्ट केल्यावरच खरा जातो. कचरापेटीलाही तेच. मग ते 'इथं बघू नको' काढून टाक.

पुढच्यासाठी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर तळाकडं अँटिव्हायरसचा चौकोन आहे, त्याला टिक कर. मग नवा मेल आधी सुटा उतरतो, राखणदाराला उचलायचाच असेल तर तो एकच उचलतो. आधीच्या पोत्यांना त्याचा उपयोग नाही. त्याच पानावर प्रमाणपत्रांच्या यादीत 'सर्व्हर्स' बघ, तू दिलेला जुना अपवाद राहिला असेल तर काढ.

——

प्रेषक: लातूरवाली
विषय: 2016 सापडलं

सापडलं! 1,100 च्या वर मेल, जसेच्या तसे. दोषी निघाला 'इनव्हॉइस' नावाचा झिप. सर्वांना फॉरवर्ड कुणी केला होता ते सांगत नाही, पण ते आता डॅलसला राहतात.

रात्री जेवण झाल्यावर अण्णांनी ते मेल वाचायला घेतले. दीड वाजला तरी उठेनात.

——

प्रेषक: डॅलसहून

2016 मध्ये मी नवीन होतो.

——

प्रेषक: कार्यवाह

मग शेवटी कुठला प्रोग्रॅम? माझंही जुनं ॲप गेलंय. नवं आउटलूक आपोआप आलंय, तेच चालवू का?

——

प्रेषक: नांदेडचे काका

चालतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की त्यात जीमेल जोडलं तर मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडवर जाते आणि तिथून तुम्हाला दिसते. जोडताना ते तसं सांगतं, आपण वाचत नाही. कुणाला ते चालतं, मला नाही. फुकटवाल्यांना मेलांच्या यादीत जाहिरातीही दिसतात.

लातूरवालीनं थंडरबर्डच ठेवावं. खाती कितीही, मराठी नीट दिसतं, आणि ते कसं रुसतं हे आता तिला पाठ झालंय. जीमेल जोडताना गूगलचीच खिडकी उघडते, पासवर्ड तिथं टाकायचा, प्रोग्रॅमला द्यायचा नाही. नुसत्या नाव-पासवर्डावर चालणारे जुने प्रोग्रॅम जीमेलनं बंद केलेत, तेव्हा कुणी 2010 ची सीडी काढून बसू नका. आणि मंडळाच्या पहिल्या वर्षांचे मेल किड्या-मुंग्यांसारखे दिसतील ते व्हायरसमुळे नव्हे. ते युनिकोडच्या आधीच्या फाँटांतले आहेत.

——

प्रेषक: अण्णा (औसा)
विषय: दुरुस्ती

मंडळींना सप्रेम नमस्कार. मोठ्या पडद्यावरून पहिलाच मेल. मुलगी शेजारी उभी आहे, पण टंकलेखन माझे.

तिसऱ्या फोटोखाली तिने 'शेतातली चूल' असे लिहिले आहे. कडब्याच्या कोपीत चुना लावून मांडलेले ते पाच दगड म्हणजे पांडव. अंकात छापण्यापूर्वी दुरुस्त करावे.